लोखंड, कोबाल्ट, निकेल: चुंबकीय धातूंवर डीएफटीची फंक्शनल्स कशी तपासावीत

डीएफटी (घनता-फलन सिद्धांत) म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढण्याची पद्धत, आणि फंक्शनल म्हणजे तिच्यात इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी वापरलेलं अंदाजी सूत्र. लोखंडाचा मोमेंट (अणूमागचं चुंबकत्व, बोर मॅग्नेटॉन या एककात) २.२ आला, म्हणजे फंक्शनल बरोबर, असं धरून पुढे जाणं ही डीएफटीच्या प्रकल्पांमध्ये सर्रास दिसणारी चूक आहे. प्रयोगात मोजलेलं लॅटिस (स्फटिकाच्या पेशीच्या बाजूची लांबी) दिलं तर एलएसडीए हे सर्वांत साधं, फक्त त्या-त्या जागेची घनता पाहणारं फंक्शनलसुद्धा २.२ च्या जवळपासचाच आकडा देतं. पण रचना निवडायचं काम त्याच एलएसडीएवर सोडलं, तर ते बीसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू असलेलं) लोखंड नाकारून घट्ट रचलेली, अचुंबकीय अवस्था सर्वांत स्थिर ठरवतं. जालन्याच्या रोलिंग मिलमधून रोज सळया निघतात, त्या लोखंडाला चुंबक चिकटतो ही साधी गोष्टच हे फंक्शनल नाकारून बसतं. १९८० च्या दशकात हे लक्षात आलं आणि जीजीए (घनतेसोबत तिचा उतारही धरणाऱ्या) फंक्शनल्सकडे लोक गांभीर्याने पाहू लागले, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

म्हणून फंक्शनलची परीक्षा एका आकड्यावर होत नाही. ती लॅटिस, मोमेंट, ऊर्जा आणि रचना या चारही गोष्टींवर एकत्र घ्यावी लागते, आणि तीही एकाहून जास्त धातूंवर. त्यात चुंबकीय नसायला हवेत असे धातूही घ्यायचे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याला हे सगळं आठ कोर आणि १६ जीबी रॅमच्या साध्या डेस्कटॉपवर जमण्यासारखं आहे. मोजक्या अणूंच्या पेशीचं गणित आहे, त्याला महासंगणक लागत नाही. संकरित फंक्शनल्सचा (ज्यांत फॉक पद्धतीची विनिमय-ऊर्जा थोडी मिसळतात) भाग तेवढा जड आहे, त्याचं पुढे पाहू.

तुलना कशाशी करायची

आधी प्रयोगाचे आकडे नीट लावून घ्या. निम्मा गोंधळ इथेच होतो.

| धातू | रचना | लॅटिस, खोलीच्या तापमानाला (अँगस्ट्रॉम) | एकूण मोमेंट (बोर मॅग्नेटॉन प्रति अणू) | त्यातला स्पिनचा वाटा |
|---|---|---|---|---|
| लोखंड | बीसीसी | २.८६६ | २.२२ | सुमारे २.१३ |
| कोबाल्ट | एचसीपी | २.५०७ व ४.०६९ | १.७२ | सुमारे १.५८ |
| निकेल | एफसीसी | ३.५२४ | ०.६१ | सुमारे ०.५७ |

तक्त्यातल्या एचसीपी आणि एफसीसी या अणूंच्या घट्ट रचलेल्या दोन मांडण्या. स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांची जोड) न घालता केलेलं गणित फक्त स्पिनचा मोमेंट देतं, तेव्हा तुलना शेवटच्या रकान्याशी करायची. कोबाल्टमध्ये ऑर्बिटल वाटा ०.१४ च्या आसपास आहे. गणितात १.६१ आलं आणि समोर १.७२ ठेवलं, तर फंक्शनल मोमेंट कमी देतं असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात ते किंचित जास्त देत असतं.

लॅटिसचंही तसंच. डीएफटीचं गणित शून्य केल्व्हिनचं, आणि त्यात अणूंची शून्य-बिंदू कंपनंही नसतात. लोखंडाचं लॅटिस थंड केल्यावर २.८६१ पर्यंत येतं, कंपनांचा परिणाम वजा केला की २.८५३. निकेलचे तेच आकडे ३.५१६ आणि ३.५०८. पीबीई या रूढ जीजीए फंक्शनलचं २.८३ हे २.८६६ शी ताडलं तर चूक १.३ टक्के दिसते, २.८५३ शी ताडलं तर ०.८ टक्के. दोन फंक्शनल्समधला फरकच कधीकधी एवढा असतो, त्यामुळे ही दुरुस्ती टाळून चालत नाही.

आधी संख्यात्मक चूक काबूत आणा

तराजूचा काटा शून्यावर आणल्याशिवाय माल तोलायचा नसतो. फंक्शनल बदलल्याने पडणारा फरक पाहायचा असेल, तर कटऑफ (किती तरंग घ्यायचे त्याची मर्यादा), के-ग्रिड (संवेग-अवकाशातल्या बिंदूंची जाळी) आणि स्मिअरिंग (फर्मी पातळीजवळचा इलेक्ट्रॉनांचा भराव थोडा पसरवणं) यांमुळे पडणारा फरक त्याच्या दहापट लहान हवा. लोखंडात बीसीसी आणि एचसीपी यांच्या ऊर्जेतला फरक पीबीईत अणूमागे शंभर मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही कमी आहे. त्यामुळे अणूमागे १ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट हे लक्ष्य ठेवा. मोमेंटसाठी ०.०१ बोर मॅग्नेटॉन पुरे.

उदाहरणासाठी क्वांटम एस्प्रेसो हे डीएफटीचं सॉफ्टवेअर घेऊ, कारण ते मोफत आहे आणि उबुंटूवर सहज चालतं. स्यूडोपोटेन्शियल (अणूचा गाभा आणि आतले इलेक्ट्रॉन यांच्या जागी वापरलेलं सोपं विभव) निवडताना ३एस आणि ३पी ही अर्धगाभ्यातली कवचं संयुजेत धरलेलं निवडा, म्हणजे लोखंडाला १६ इलेक्ट्रॉन. आठ इलेक्ट्रॉनांचं स्यूडोपोटेन्शियल वेगाने चालतं, पण दाबलेल्या आकारमानाला ते दगा देतं. त्यातही गाभ्याची अरेषीय दुरुस्ती नसेल, तर स्पिनची विनिमय-ऊर्जाच बिघडते आणि ती चूक फंक्शनलच्या नावावर जमा होते. पीबीईसाठी पीएसलायब्ररी या तयार संग्रहातलं स्यूडोपोटेन्शियल वापरल्यास तरंगफलनासाठी ९० रिडबर्ग आणि घनतेसाठी १०८० रिडबर्ग ही सुरक्षित सुरुवात आहे. त्याच्या खाली-वर दोन-दोन किमती चालवून स्वतः खात्री करा.

के-ग्रिड आणि स्मिअरिंग वेगवेगळे तपासू नका. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. १२, १६, २०, २४ असे घनाकार ग्रिड एका बाजूला आणि डीगॉसच्या (स्मिअरिंगच्या रुंदीच्या) ०.०३, ०.०२, ०.०१, ०.००५ रिडबर्ग या किमती दुसऱ्या बाजूला ठेवून सोळा घरांचा तक्ता भरा. प्रत्येक घरात ऊर्जा आणि मोमेंट दोन्ही लिहा. डीगॉस मोठा असेल तर विरळ ग्रिडवरही आकडा लगेच स्थिरावतो, पण चुकीच्या जागी स्थिरावतो. डीगॉस लहान आणि ग्रिड विरळ असेल तर आकडा उड्या मारतो. निकेलमध्ये हे फार जाणवतं, कारण त्याची फर्मी पातळी डी-पट्ट्याच्या वरच्या काठाला, उंच आणि टोकदार शिखराजवळ असते. मार्झारी-व्हँडरबिल्ट प्रकारचं स्मिअरिंग, ०.०१ रिडबर्ग आणि २० किंवा २४ चा ग्रिड हे लोखंड-निकेलला बहुधा पुरतं. फर्मी-डिरॅक स्मिअरिंग इथे नको. त्याची शेपटी लांब असल्याने त्याच डीगॉसला मोमेंट जास्त घसरतो.

पहिली धाव

इनपुट फाइलमध्ये एनस्पिन २ ठेवा, म्हणजे दोन्ही स्पिन वेगळे धरले जातात. स्टार्टिंग मॅग्नेटायझेशन ही किंमत संयुजा इलेक्ट्रॉनांचा अंश असते, थेट बोर मॅग्नेटॉनमधला मोमेंट नसते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. १६ इलेक्ट्रॉनांच्या लोखंडाला ०.२ दिलं म्हणजे सुरुवात ३.२ बोर मॅग्नेटॉनवरून झाली. १८ इलेक्ट्रॉनांच्या निकेलला ०.१ पुरे, तेवढ्याने सुरुवात १.८ वरून होते. सुरुवात अपेक्षित मोमेंटपेक्षा वरून करावी. फार खालून केली तर गणित अचुंबकीय अवस्थेत घसरतं आणि तिथेच बसतं. संगणक ते ‘अभिसरण झालं’ म्हणूनच सांगतो.

मिक्सिंग बीटा (प्रत्येक फेरीत नवी घनता किती मिसळायची ते प्रमाण) ०.७ या नेहमीच्या किमतीवरून ०.२ ते ०.३ वर आणा. ऊर्जा खाली-वर होत राहिली आणि प्रत्येक फेरीत मोमेंटचं चिन्ह बदलत असेल, तर ०.१ करा. अभिसरणाची मर्यादा १०⁻⁹ रिडबर्ग ठेवा. मोमेंट हा ऊर्जेपेक्षा उशिरा स्थिरावतो, म्हणून सैल मर्यादेवर ऊर्जा ठीक दिसली तरी मोमेंट अजून सरकत असतो.

निकालाच्या फाइलमध्ये एकूण मॅग्नेटायझेशन आणि निरपेक्ष मॅग्नेटायझेशन अशा दोन ओळी येतात. लोखंडात दुसरा आकडा पहिल्यापेक्षा थोडा मोठा दिसतो, कारण अणूंमधल्या जागेत एस-पी इलेक्ट्रॉन किंचित उलट्या दिशेने ध्रुवित असतात. इतर सॉफ्टवेअरमध्ये अणूभोवतीच्या गोलातला मोमेंट वेगळा छापला जातो. तो गोलाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. दोन सॉफ्टवेअरची तुलना करताना नेहमी संपूर्ण पेशीचा मोमेंट घ्या.

आकारमानाची वक्ररेषा

लॅटिससाठी पेशी आपोआप शिथिल करणारी सोय वापरू नका. आकारमान बदलताना तरंगांचा संच बदलतो, ताणाच्या गणितात त्याची चूक शिरते. त्याऐवजी नऊ लॅटिस घ्या, प्रत्येकावर वेगळी धाव करा आणि ऊर्जा आणि आकारमान जोडणारं बर्च-मर्नाघनचं समीकरण बसवा. पीबीई लोखंडासाठी २.७७ पासून २.८९ पर्यंत ०.०१५ च्या पायरीने. एलएसडीएसाठी तीच खिडकी वापरली तर किमान बिंदू काठावर जाईल, कारण त्याचं लॅटिस २.७५ च्या आसपास येतं. तिथे २.६९ ते २.८१ घ्या. प्रत्येक फंक्शनलची खिडकी त्याच्या स्वतःच्या किमान बिंदूभोवती हवी.

प्रत्येक आकारमानाला मोमेंटची सुरुवात नव्याने, वरून करा. आधीच्या आकारमानाची घनता पुढे वापरल्याने वेळ वाचतो खरा, पण एकदा गणित कमी मोमेंटच्या फांदीवर गेलं की पुढचे सगळे बिंदू त्याच फांदीवर राहतात. ऊर्जेसोबत मोमेंटचाही आलेख काढा. ऊर्जेची वक्ररेषा गुळगुळीत दिसते आणि मोमेंट मात्र मध्येच पायरी घेतो, असं झालं तर ते बिंदू पुन्हा चालवा.

लोखंडाचा बल्क मॉड्युलस (दाबून आकारमान कमी होण्याला असलेला विरोध) प्रयोगात १७० गिगापास्कलच्या जवळ आहे. एलएसडीए २५० च्या आसपास देतं. पीबीईचे प्रकाशित आकडे बरेच पसरलेले दिसतात, आणि त्याचं कारण फंक्शनल नसून खिडकी आहे: आकारमान वाढताना मोमेंटही वाढतो, ती वाढ एकसारखी नसते आणि रुंद खिडकीत ती वक्रतेत मिसळते. म्हणून बल्क मॉड्युलस लिहिताना खिडकीची रुंदी लिहायलाच हवी.

मग दोन रकाने भरा: प्रयोगाच्या लॅटिसवरचा मोमेंट आणि फंक्शनलच्या स्वतःच्या लॅटिसवरचा मोमेंट. एलएसडीएत पहिला २.२ च्या जवळ, दुसरा २ च्या आसपास किंवा खाली. पीबीईत दोन्ही २.२ च्या जवळपास. पहिला रकाना चांगला आणि दुसरा वाईट असेल, तर दोष लॅटिसमध्ये आहे. दोन्ही एकाच दिशेला चुकले असतील, तर दोष चुंबकत्वाच्या हाताळणीतच आहे.

मोमेंट बांधून ठेवून ऊर्जा मोजा

या सगळ्यात सर्वांत बोलकी आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी हीच आहे. टॉट मॅग्नेटायझेशन ही किंमत ठरवून दिली की मोमेंट बांधला जातो आणि वर-खालच्या स्पिनला वेगवेगळी फर्मी पातळी मिळते. लोखंडाच्या एका अणूच्या पेशीत, प्रयोगाच्या लॅटिसवर, ० पासून ३.२ पर्यंत ०.२ च्या पायरीने ऊर्जा काढा. किमान बिंदूजवळ पायरी ०.०५ करा. निकेलला ० ते १.२ पुरे.

आलेखात तीन गोष्टी पाहायच्या. शून्य मोमेंटपाशी वक्ररेषा खाली वाकलेली असेल, तर अचुंबकीय अवस्था अस्थिर आहे, म्हणजे चुंबकत्व आपोआप उभं राहण्याची स्टोनरची अट पूर्ण होते. किमान बिंदू कुठे आहे, तो मोमेंट. आणि किमान बिंदू शून्यापेक्षा किती खोल आहे, ती चुंबकीय ऊर्जा. दोन फंक्शनल्सचे मोमेंट जवळजवळ सारखे असूनही ही खोली फार वेगळी असू शकते. पीबीईत लोखंडासाठी ती अणूमागे ०.५५ ते ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. स्कॅन या फंक्शनलमध्ये (त्याचं पुढे पाहू) ती जवळपास दुप्पट होते. चुंबकत्व विस्कटायला लागणारी ऊर्जा या खोलीशी निगडित आहे, त्यामुळे ती दुप्पट झाली तर तापमानाशी संबंधित पुढचे सगळे अंदाज विस्कटतात.

दोन किमान बिंदू दिसले, एक कमी मोमेंटचा आणि एक जास्त मोमेंटचा, तर घाबरू नका. एफसीसी लोखंडात हे होतं. मात्र अशा वेळी मोकळ्या धावेचं उत्तर सुरुवातीवर अवलंबून राहतं, हे नोंदवून ठेवा.

रचनेची परीक्षा

लोखंडाच्या किमान तीन अवस्था घ्या: बीसीसी लोहचुंबकीय, एचसीपी अचुंबकीय आणि एफसीसी. एफसीसीत लोहचुंबकीय मांडणीसोबत एक थर वर-एक थर खाली आणि दोन थर वर-दोन थर खाली या मांडण्याही करा. नुसतं लोहचुंबकीय एफसीसी घेऊन तुलना केली तर एफसीसीची ऊर्जा उगाच जास्त दिसते. सर्व अवस्थांत के-बिंदूंची घनता समान ठेवा. एचसीपीची पेशी दोन अणूंची असते, तिथे २४ च्या घनाकार ग्रिडऐवजी २० × २० × १२ असा ग्रिड लागेल.

मग ऊर्जा आणि आकारमानावरून एन्थाल्पी (ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) काढून बीसीसी ते एचसीपी बदलाचा दाब शोधा. प्रयोगात तो १० ते १३ गिगापास्कलच्या पट्ट्यात आहे. एलएसडीएत हा दाब ऋण येतो, म्हणजे बीसीसी मुळात टिकतच नाही. रचनेची ही एक चाचणी मोमेंटच्या दहा आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

स्कॅन, आर२स्कॅन आणि संकरित फंक्शनल्स

स्कॅन २०१५ मध्ये आलं आणि ऑक्साइड, पाणी, सिलिकॉनसारख्या पदार्थांवर त्याने खरोखर उत्तम काम केलं. त्यामुळे ते सगळीकडेच पीबीईपेक्षा सरस असेल असा समज झाला. चुंबकीय धातूंवर तो टिकला नाही. लोखंडाला ते २.६ किंवा त्याहून जास्त मोमेंट देतं, निकेलला ०.७ च्या पुढे. कारण त्याच्या बांधणीत आहे. गतिज ऊर्जेच्या घनतेवरून एखाद्या जागी इलेक्ट्रॉन बंधात आहेत की पसरलेले, हे ओळखणारा निर्देशक त्यात आहे, आणि डी-इलेक्ट्रॉनांच्या भागात तो विनिमय-विभाजन (वर-खालच्या स्पिनच्या पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर) वाढवतो. हेच फंक्शनल ऑर्बिटलऐवजी घनतेच्या लाप्लासिअनवर (दुसऱ्या अवकलजावर) बसवलं की मोमेंट बराचसा पीबीईकडे परततो. दोष कुठे आहे ते यावरून स्पष्ट दिसतं.

चालवताना अडचणी वेगळ्या येतात. क्वांटम एस्प्रेसोत स्कॅनसाठी लिबएक्ससी हा फंक्शनल्सचा संग्रह जोडून घ्यावा लागतो आणि नॉर्म-कन्झर्व्हिंग स्यूडोपोटेन्शियल वापरावं लागतं. पीएसलायब्ररीची पीएडब्ल्यू या दुसऱ्या प्रकारची फाइल इथे चालत नाही. कटऑफ १२० रिडबर्गच्या खाली नको. पीबीईसाठी बनवलेलं स्यूडोपोटेन्शियल स्कॅनला लावलं जातंच, पण मग निकालात स्यूडोपोटेन्शियलची विसंगतीही मिसळते. ती किती आहे हे सर्व-इलेक्ट्रॉन सॉफ्टवेअरवर, म्हणजे एल्क किंवा वीन२के वर, लोखंडाचा एक बिंदू चालवून पाहा. व्हॅस्प हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातला लॅस्फ हा पर्याय चालू करायला विसरू नका, नाहीतर अणूभोवतीच्या अगोल भागाची दुरुस्ती सुटते. स्कॅनची संख्यात्मक नाजूकता २०२० च्या आर२स्कॅनने बरीच कमी केली आहे. तेव्हा अभिसरण अडलं तर आधी ते घेऊन पाहा. मोमेंटचा फुगवटा मात्र त्यातही राहतो.

एचएसई०६ या संकरित फंक्शनलचं उत्तर आणखी वर जातं: लोखंडाला २.८ च्या आसपास, निकेलला ०.९ पर्यंत. निकेलचं विनिमय-विभाजन प्रयोगात ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ आहे, एलएसडीए आणि पीबीईच ते ०.६ ते ०.७ देतात, आणि फॉक विनिमय मिसळल्यावर ते अजून वाढतं. धातूतले फिरते इलेक्ट्रॉन विद्युत बल झाकतात, तो परिणाम या मिश्रणात नीट उतरत नाही. हे गणित डेस्कटॉपवर करू नका. फॉकच्या क्यू-ग्रिडचं अभिसरण वेगळं तपासावं लागतं आणि वेळ शेकडोपट वाढतो. पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकासारख्या यंत्रणेवर मार्गदर्शकांमार्फत वेळ मागता आला तरच हा भाग घ्या. डीएफटी अधिक यू (डी-इलेक्ट्रॉनांना वेगळं प्रतिकर्षण लावण्याचा) हा मार्गही इथे नको. पीबीईत लोखंडाचा मोमेंट आधीच बरोबर आहे, त्यावर यू लावला की तो वाढतोच.

जे चुंबकीय नाही, तेही तपासा

व्हॅनेडियम आणि पॅलेडियम प्रत्यक्षात अचुंबकीय आहेत. दोन्ही एकेका अणूच्या पेशी, तासाभराचं काम. पॅलेडियम चुंबकत्वाच्या अगदी उंबरठ्यावर आहे, म्हणून तो फार कडक परीक्षक. संकरित फंक्शनल्स त्याला चुंबकीय ठरवतात. इथे के-ग्रिड आणखी दाट लागतो आणि मोमेंट बांधलेली वक्ररेषा शून्याजवळ ०.०५ च्या पायरीने काढावी लागते.

निकेल-ॲल्युमिनियमच्या तीनास एक संयुगात प्रयोगातला मोमेंट प्रति सूत्र ०.२३ बोर मॅग्नेटॉन आहे. एलएसडीए ०.७ च्या आसपास देतं. इथे चूक वेगळ्या प्रकारची आहे: खऱ्या पदार्थात स्पिनची चढउतार मोमेंट दाबून टाकते आणि स्थानिक प्रकारच्या कुठल्याच फंक्शनलमध्ये ती चढउतार नसते. त्यामुळे अशा दुबळ्या चुंबकात एखादं फंक्शनल एलएसडीएपेक्षाही मोठा मोमेंट देत असेल, तर ते उलट्या दिशेने चाललं आहे. आणि एखाद्याने नेमका ०.२३ दिला, तर तेही संशयास्पदच. तिथे एक चूक दुसरीला झाकत असणार.

क्रोमियम सगळ्यांत अवघड. त्याची खरी अवस्था लांब पल्ल्याची स्पिन-घनता लहर आहे, शिखरावर मोमेंट ०.६२ आणि नील तापमान (ज्याच्या वर ही मांडणी मोडते) ३११ केल्व्हिन. दोन अणूंच्या पेशीत दोन वेगळे क्रोमियम प्रकार लिहून एकाला धन, दुसऱ्याला ऋण सुरुवात द्या. इथे एकूण मॅग्नेटायझेशन शून्यच येणार, निरपेक्ष आकडा पाहायचा. पीबीई स्वतःच्या लॅटिसवर १ च्या आसपास देतं, एलएसडीए जवळजवळ शून्य. लॅटिस एक टक्का बदललं तरी हा आकडा खूप हलतो, त्यामुळे क्रोमियमचा मोमेंट लॅटिसशिवाय लिहू नका. मँगनीजचा अल्फा प्रकार, ५८ अणूंची पेशी आणि एका रेषेत नसलेले मोमेंट, या चाचणीत घेऊ नका.

वीज, ऊन आणि नोंदी

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की डेस्कटॉपचा प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. उत्तर बदलत नाही, पण वेळेचा अंदाज चुकतो. पंख्यावरची धूळ काढा आणि आठाऐवजी सहा कोर वापरा. वीज जाण्याचा धोका असेल तर मॅक्स सेकंद्सची (धावेच्या जास्तीत जास्त वेळेची) मर्यादा घाला, म्हणजे धाव नीट थांबते आणि रीस्टार्ट करता येते. अचानक वीज गेल्यावर उरलेल्या घनतेच्या फाइलवरून पुढे जाऊ नका. ती अर्धवट लिहिलेली असू शकते, आणि तिच्यावरून सुरू झालेली धाव चुकीच्या मोमेंटवर स्थिरावली तर ते कळतही नाही. प्रत्येक आकारमानाची धाव वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे नुकसान एकाच बिंदूचं होईल.

प्रत्येक ओळीत हे लिहा: फंक्शनल, स्यूडोपोटेन्शियलच्या फाइलचं पूर्ण नाव, दोन्ही कटऑफ, के-ग्रिड, स्मिअरिंगचा प्रकार आणि डीगॉस, लॅटिस, सुरुवातीचा मोमेंट, शेवटचा मोमेंट, ऊर्जा, सॉफ्टवेअरची आवृत्ती. सुरुवातीच्या मोमेंटचा रकाना बहुतेक प्रबंधांत नसतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याला तोच आकडा पुन्हा काढता आला नाही, तर सर्वांत आधी याच रकान्याची उणीव भासते. मोमेंट दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहा, लॅटिस तीन स्थळांपर्यंत. वरच्या सोळा घरांच्या तक्त्यातल्या अभिसरणाने त्यापुढच्या अंकांना आधार मिळत नाही.